लाल दांड्यावरचा हात

धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना हायवेला लागून आमचा सीएनजी पंप आहे. मी तिथे दिवसपाळीची इनचार्ज. 'इनचार्ज' हा शब्द मी फार काटकसरीने वापरायचे, म्हणजे दिवसातून दहाच वेळा. राग तर माझ्या नाकावरच असतो. रिक्षावाल्यांनी मला काय नाव ठेवलं होतं ते मला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही.

आमच्या पंपाला जमिनीखालून गॅस येत नाही, तो ट्रकवर येतो. ट्रकच्या पाठीवर लोखंडी चौकटीत पोलादी बाटल्यांच्या ओळी असतात आणि त्यात गॅस दाबून दाबून भरलेला असतो. ट्रक पंपाच्या मागच्या बाजूला उभा राहतो, एक जाड पाइप ट्रकला आणि आमच्या खांबाला जोडला जातो, आणि गॅस इकडे उतरतो. पाइपच्या दोन्ही टोकांना गॅस बंद करायचा एकेक लाल दांडा असतो, एक ट्रकवर, एक आमच्या खांबावर. पाइप फाटला किंवा जोड निसटला तर दोन्ही दांडे एकाच वेळी फिरवावे लागतात. एकच बंद केला तर दुसऱ्या बाजूचा गॅस येतच राहतो. म्हणून नियम असा की गॅस उतरत असताना दोन्ही दांड्यांजवळ एकेक माणूस उभा हवा, आणि त्याने तिथून हलायचं नाही.

हा नियम भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेला होता. पाटी मी दर सोमवारी पुसून घ्यायचे. वाचली मात्र कधी नव्हती.

ट्रक घेऊन येणारे ड्रायव्हर तीन-चार होते. त्यात एक नाना. सोनगीरजवळच्या एका खेड्यातले, साठीला टेकलेले, अंगाने वाळके, पांढरा शर्ट आणि खांद्यावर रुमाल. बाकीचे ड्रायव्हर आले की पाच मिनिटांत पाइप जोडून मोकळे व्हायचे आणि चहाच्या टपरीवर दिसायचे. नाना वीस मिनिटं घ्यायचे. आधी चाकांखाली लाकडी ठोकळे, पुढून आणि मागून. मग इंजिन बंद, आणि किल्ली काढून ती ट्रकवरच्या लाल दांड्याच्या मुठीला अडकवायची, म्हणजे दांड्यापाशी आल्याशिवाय कुणाला गाडी सुरूच करता येऊ नये. मग ठिणगी पडू नये म्हणून अर्थिंगची वायर. मग पाइप पूर्ण लांबीभर हाताने चाचपायचा, म्हशीच्या अंगावरून हात फिरवावा तसा. तोवर पुढे रिक्षांची रांग हायवेपर्यंत जायची आणि कुणीतरी ओरडायचं, "नानानी पूजा चालू शे का अजून?"

आणि एवढं सगळं झाल्यावरही नाना गॅस सोडत नसत. ट्रकच्या मागून मला आवाज द्यायचे, "ताई, तुना हात कोठे शे?"

तुझा हात कुठे आहे? यावर मी म्हणायचं, "दांड्यावर." पहिल्या आठवड्यात मी ते केबिनमधल्या खुर्चीवरून म्हणायचे. नाना ट्रकला वळसा घालून यायचे, केबिनच्या काचेतून माझ्याकडे बघायचे आणि काही न बोलता परत जायचे. गॅस सुरू व्हायचा नाही. शेवटी मी चरफडत उठायचे, खांबाजवळ जाऊन दांड्यावर हात ठेवायचे, तेव्हा ते पुन्हा वळसा घालून येत, हात बघत, आणि मग जाऊन गॅस सोडत. पुढे मी खरोखरच हात ठेवूनच उत्तर द्यायला लागले, तरी त्यांचा वळसा काही चुकला नाही. माझ्या शब्दावर यांचा एवढाही विश्वास नाही, असं वाटून मला फार राग यायचा.

गॅस उतरताना ते चहा घेत नसत. आमच्या खानदेशात पाहुण्याने चहाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. थंडीत पंपावरच्या आमच्यातल्या एकाने घरून वांग्याचं भरीत आणि पुऱ्या आणल्या होत्या, गरम गरम. सगळे खाऊन हात धुऊन मोकळे झाले, नाना आपले दांड्याजवळ उभे. गॅस उतरून पाइप काढल्यावर त्यांनी ते गार भरीत खाल्लं आणि दोनदा मागून घेतलं. वांगी कुठली, असं विचारलं. दुसरं कुणी असतं तर आधीच्या नकारावर मी रुसले असते, पण ते इतक्या आवडीने खात होते की रुसायलाही जमलं नाही.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट करायला लावली. पाइप फाटला तर पांढरा धूर होतो, समोरचं दिसत नाही, आणि आवाज असा होतो की शेजारच्याची हाकही ऐकू येत नाही. म्हणून दांड्यापर्यंतची वाट पायांना ठाऊक हवी, असं त्यांचं म्हणणं. उन्हासाठी मी तोंडाला स्कार्फ बांधते, तोच डोळ्यांवर ओढून मला केबिनच्या दारापासून दांड्यापर्यंत चालायला लावलं. अकरा पावलं आहेत. पहिल्यांदा मी थेट पाण्याच्या ड्रमवर आदळले. रिक्षावाल्यांची करमणूक झाली. पण नाना हसले नाहीत. त्यांनी ड्रम उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, पुन्हा चाल. दर आठवड्याला एकदा चालायचं. महिनाभरात मला ती वाट इतकी पाठ झाली की घरी स्वयंपाकघरातही मी डोळे मिटून अकरा पावलं मोजून बघितली.

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही कुठे मोठा अपघात बघितला होता का? मला वाटलं होतं काहीतरी भयंकर ऐकायला मिळेल. नाना म्हणाले, "आजलोंग कैच व्हयनं नही. म्हनीसन त करस."

आजवर काहीच झालं नाही, म्हणून तर करतो. मला ते उत्तर तेव्हा अगदीच फुसकं वाटलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे कोयत्या-विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते, आणि पंपावर तर यंत्रंच यंत्रं. सकाळी मी पारोळ्याच्या बाजारातून झेंडू आणला होता. मशीन, कॉम्प्रेसर, हवेची टाकी, सगळ्यांना माळा घातल्या. मागच्या खांबाला माळ घातली, तर हायवेवरच्या गाड्यांच्या वाऱ्याने ती सारखी खाली पडायची. तिसऱ्यांदा पडली तेव्हा माझं डोकं फिरलं. बांधकामाची बारीक लोखंडी तार पडली होती, ती घेतली आणि माळ खांबाला, पाइपच्या जोडाला आणि लाल दांड्याला धरून पक्कडीने घट्ट पिळून टाकली. आता कुठे जाते बघू, असं मी त्या माळेला म्हटल्याचंही आठवतं.

नाना अकराच्या सुमारास आले. त्यांच्या ट्रकच्या तोंडावर झेंडूची भली मोठी माळ होती, मागच्या बाजूला मात्र एक पाकळीही नव्हती. ठोकळे लावले, किल्ली अडकवली. खांबाजवळ आल्यावर त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, खाली वाकून खांबाच्या पायथ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग एका बोटाने लाल दांडा हलवून बघितला. दांडा जागचा हलला नाही.

कोणी बांधलं, असं त्यांनी विचारलं. मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, मी. ते म्हणाले, सोड. मी म्हटलं, पूजेची माळ आहे, दसरा होईपर्यंत उतरवायची नाही, उद्या सोडीन. त्यावर नाना शांतपणे म्हणाले, "मंग गॅसबी सकाय."

म्हणजे गॅसही उद्याच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सणाचा दिवस, रांग पार रस्त्यावर आलेली, पंपातला गॅस संपत आलेला. मी तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलले ते सांगायची लाज वाटते. नाना चाकाखालच्या ठोकळ्यावर बसून राहिले. आमच्यातला एक जण पुढे होऊन हातानेच तार सोडवायला लागला, तेव्हा मात्र ते उठले आणि त्याचा हात धरला.

"जेनी बांधं तेनीच सोडानं," ते म्हणाले. "दुसरानी सोडं ते एखादा पीळ राही जास."

किती पीळ घातलेत आणि कुठे कुठे घातलेत, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक असतं, एवढाच त्याचा अर्थ. मला मात्र तो मुद्दाम केलेला अपमान वाटला. मी पंपाच्या मालकांना, म्हणजे शेठना, फोन लावला. शेठ म्हणाले, आत्ता काय करायचं ते करून गॅस घे आणि संध्याकाळी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार दे, त्याचं बघतो. मग मी तार सोडायला घेतली. पक्कड स्कूटीच्या डिकीत, स्कूटीची किल्ली पर्समध्ये, पर्स कुलूपबंद ड्रॉवरमध्ये. तीन ठिकाणी पीळ होते, आणि तिसरा कुठे घातला ते मलाच आठवेना. रागाने डोळ्यांत पाणी आलं होतं. दांडा मोकळा झाला तेव्हा चांगली दहा मिनिटं गेली होती. नानांनी खाली पडलेली माळ उचलली, सुटी झालेली फुलंसुद्धा वेचली, आणि खांबाच्या पायथ्याशी गोल करून ठेवली. मग ट्रकमागे जाऊन आवाज दिला, "ताई, तुना हात कोठे शे?"

संध्याकाळी मी तक्रार लिहिली. अक्षर माझं सुरेख आहे. लिहिलं की सदर ड्रायव्हर नेहमी विनाकारण उशीर करतात, खंडेनवमीच्या दिवशी त्यांनी तासभर गॅस देण्यास नकार दिला. तारेचं नाव काढलं नाही. आणि शेवटी एक वाक्य लिहिलं: 'त्यांनी पूजेच्या माळेचा अपमान केला.' ते खोटं आहे हे लिहिताना मला माहीत होतं. नानांनी चपला काढल्या होत्या, मी काढल्या नव्हत्या. पण शेठना तेच वाक्य सगळ्यात आवडलं.

चार दिवसांनी कळलं की तक्रार ट्रकच्या ठेकेदाराकडे पोचली आहे, त्यांचा सुरक्षा अधिकारी चौकशीला येणार आहे, आणि ठपका बसला तर नानांना गॅसच्या गाडीवरून कायमचं उतरवणार आहेत. त्या वयात दुसरी गाडी कोण देणार? त्यांचं या कामावर किती प्रेम होतं ते मी रोज पाहत होते. पाइपवरून फिरणारा तो हात माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. तक्रारीची प्रत नानांनाही दिली होती, म्हणजे माझं वाक्य त्यांनी वाचलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी ते आले, ठोकळे लावले, किल्ली अडकवली आणि त्याच आवाजात विचारलं, माझा हात कुठे आहे. आठवडा झाला म्हणून मला स्कार्फ बांधून अकरा पावलं चालायलाही लावलं. मला वाटत होतं, निदान एक शिवी तरी द्यावी. शिवी दिली असती तर मी सुटले असते.

अधिकारी आले ते चष्मा लावलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी नानांना नेहमीसारखा गॅस उतरवायला सांगितला आणि मोबाइलवर वेळ लावून बाजूला उभे राहिले. नानांनी एकही गोष्ट घाईने केली नाही आणि एकही जास्तीची केली नाही. गॅस सोडेपर्यंत वीस मिनिटं लागली. पाइप काढल्यावर आम्ही तिघं केबिनमध्ये बसलो. अधिकाऱ्यांनी माझा कागद टेबलावर ठेवला.

ते म्हणाले, आज वीस मिनिटं लागली, आणि तुमच्या कागदात तासभर लिहिलंय. तो वेळ कशात गेला? मी म्हटलं, माळ काढण्यात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. झेंडूची माळ काढायला तासभर लागतो? मग ते नानांकडे वळले आणि विचारलं, ती माळ कशाने बांधली होती?

नानांनी नुसतं 'तारेने' म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्या एका शब्दाने त्यांची नोकरी वाचली असती. गॅस बंद करायचा दांडा तारेने बांधणं म्हणजे काय, हे त्या माणसाला समजावून सांगावं लागलं नसतं. नाना रुमालाची घडी घालत होते. ती नीट घालून झाल्यावर म्हणाले, "ते ताई सांगी."

मला आधी वाटलं, हे माझ्यावर उपकार करतायत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं, उपकार नाही आणि सूडही नाही. त्यांच्या लेखी ते माझंच काम होतं. मी बांधलं होतं.

मी सांगितलं. तार सांगितली, तीन पीळ सांगितले, पक्कड कुठे होती ते सांगितलं. त्या दहा मिनिटांत काही झालं असतं तर काय, हेही पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. बाकीचा वेळ माझ्या भांडण्यात गेला, हे सांगितलं. अधिकाऱ्यांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. हे? मी म्हटलं, हे खोटं आहे. यांनी चपला काढून नमस्कार केला होता, खाली पडलेली फुलं यांनीच वेचली होती.

अधिकाऱ्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, मी तुमचा जबाब लिहून घेतो, तुम्ही सही करा. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. म्हटलं, "नको साहेब. मी बांधलं, मीच सोडते."

आणि पहिल्या ओळीपासून माझ्या हाताने लिहिलं. या वेळी अक्षर सुरेख आलं नाही.

शेठनी माझी इनचार्जकी काढून घेतली. तीन महिने मी रांगेत उभी राहून रिक्षांत गॅस भरला, आणि ज्यांनी मला नाव ठेवलं होतं त्या सगळ्यांनी ते एकदाचं तोंडावर वापरून घेतलं. नानांवर कसलाही ठपका बसला नाही. उलट त्या अधिकाऱ्यांनी बाकीच्या ड्रायव्हरांना नानांसोबत दोन-दोन दिवस पाठवलं. आता सगळेच वीस मिनिटं घेतात आणि रिक्षावाले सगळ्यांनाच नाना म्हणतात.

जबाब लिहिला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. इनचार्ज नसले तरी मागच्या खांबाचं काम माझ्याकडेच राहिलं होतं. नाना आले. ठोकळे, किल्ली, वायर, पाइपवरून हात. आदल्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. मग ट्रकमागून आवाज आला, "ताई, तुना हात कोठे शे?"

"दांड्यावर, नाना."

मनातून मला वाटत होतं की आज ते वळसा घालून येणार नाहीत. काल मी एवढं केलं, आज तरी माझ्या शब्दावर गॅस सोडतील. पण चपलांचा आवाज आला. नाना ट्रकला पूर्ण वळसा घालून आले, माझ्या हाताकडे नेहमीइतकाच वेळ बघितलं आणि परत गेले. मला हसू आलं, आणि मग बरंच वाटलं. त्यांचा कधीच माझ्यावर राग नव्हता, आणि माझ्यासाठी वेगळा नियमही नव्हता.

ते गॅस सोडणार इतक्यात मी आवाज दिला. इतक्या महिन्यांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"नाना, तुमचा हात कोठे आहे?"

पलीकडून ते म्हणाले, "दांडावर शे." पण गॅस सोडला नाही. ते वाट बघत होते. मी खांब सोडून ट्रकला पूर्ण वळसा घातला आणि बघितलं. हात दांड्यावरच होता, शेजारी किल्ली लटकत होती. मी परत येऊन माझ्या दांड्यावर हात ठेवला, तसं सांगितलं, आणि ते पुन्हा बघायला आले.